बी.ए.च्या पहिल्या वर्षानंतर बी.कॉम. किंवा बीबीएकडे वळताना

जून महिन्यात आमच्या वाणिज्य महाविद्यालयाची प्रवेशाची खिडकी उघडली, की दरवर्षी एक ठरावीक विद्यार्थी रांगेत दिसतो. बारावीच्या गुणपत्रिकेखाली त्याने एफवाय, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, बी.ए.ची गुणपत्रिका दडवलेली असते, आणि नंबर आल्यावर तो हळू आवाजात विचारतो, ‘सर, बी.ए.मधून बी.कॉम.ला ट्रान्सफर मिळेल का?’ या प्रश्नातला ‘ट्रान्सफर’ हा शब्दच बहुतेक गोंधळाचे मूळ आहे. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात त्याच अभ्यासक्रमाच्या पुढच्या वर्षाला जाणे म्हणजे ट्रान्सफर. कला शाखेचे पहिले वर्ष पूर्ण करून वाणिज्य किंवा व्यवस्थापन शाखेत जाणे हा मात्र जवळजवळ नेहमीच बारावीच्या गुणांवर किंवा सीईटीच्या (सामाईक प्रवेश परीक्षेच्या) गुणांवर घेतलेला, पहिल्या वर्षाचा नवा प्रवेश असतो. एसवाय, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, बी.कॉम.ला थेट बसता येत नाही, कारण दुसऱ्या वर्षाचे हिशेबाचे पेपर पहिल्या वर्षाच्या पेपरांवर उभे असतात आणि ते तुम्ही दिलेले नसतात. एक वर्ष मागे जावे लागणार हे गृहीत धरूनच पुढचा विचार करावा.

हे वर्ष खर्च करण्याआधी ते खरोखर खर्च करण्याची गरज आहे का, हे तपासावे. माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी बऱ्याच जणांना जे हवे असते, त्यासाठी शाखा बदलावी लागतच नाही, आणि ही गोष्ट त्यांना कोणी सांगितलेली नसते. ‘मला सीए व्हायचे आहे, म्हणून बी.ए. सोडतो’ हे वाक्य मी कितीदा ऐकले असेल त्याला गणती नाही. सीएची पहिली पायरी असलेली फाउंडेशनची परीक्षा बारावी कोणत्याही शाखेतून झालेला विद्यार्थी देऊ शकतो. तिच्यात लेखाकर्म, व्यावसायिक कायदे, संख्यात्मक अभियोग्यता आणि व्यावसायिक अर्थशास्त्र असे प्रत्येकी १०० गुणांचे चार पेपर असतात, प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के गुण मिळवावे लागतात. पदवीनंतर फाउंडेशन टाळून थेट इंटरमीडिएटला, म्हणजे दुसऱ्या पायरीला, जायचे असेल, तर वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के आणि इतर पदवीधराला ६० टक्के गुण लागतात. म्हणजे बी.ए. करणाऱ्याच्या वाट्याला दार बंद नसते, उंबरठा पाच टक्क्यांनी उंच असतो एवढेच. एमबीएचेही तसेच. राज्याच्या एमबीए सीईटीसाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते, गुण ५० टक्के, आरक्षित प्रवर्गांसाठी ४५ टक्के. बँकांच्या पीओ (परिविक्षाधीन अधिकारी) भरतीला आणि राज्यसेवेलाही कोणतीही पदवी पुरते.

मग शाखा बदलावी कोणी? ज्याला हिशेब, लेखापरीक्षण, करविषयक काम हेच रोजचे काम म्हणून हवे आहे. ज्याला पुढे एम.कॉम. करून शिकवायचे आहे. किंवा ज्याला पदवी संपताच एखाद्या कंपनीच्या अकाउंट्स विभागात किंवा सीएच्या कार्यालयात नोकरी धरायची आहे आणि एमबीएची दोन वर्षे व त्याची फी परवडणारी नाही, त्याने जरूर बदलावी. ज्याला केवळ बी.ए.चे वर्ग कंटाळवाणे वाटतात, त्याने मात्र आमच्या एफवाय बी.कॉम.च्या वर्गात एखाद्या मंगळवारी दुपारी मागच्या बाकावर बसून पाहावे. कंटाळ्याच्या बाबतीत दोन्ही शाखा एकमेकींना हार जाणार नाहीत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे वर्ष न घालवता चव घेण्याची सोय आता झाली आहे. महाराष्ट्रात हे धोरण स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. त्यातल्या रचनेनुसार मुख्य विषयाखेरीज ‘ओपन इलेक्टिव्ह’, म्हणजे ओई, घ्यावाच लागतो, आणि तो आपल्या विद्याशाखेबाहेरचा असावा लागतो. बहुतेक विद्यार्थी वेळापत्रकात सोयीचा दिसेल तो ओई निवडतात. शाखा बदलण्याचा विचार मनात असेल, तर वाणिज्य विभागाचा ओई घ्यावा आणि सत्राच्या शेवटी आपल्याला त्यात रस वाटला की केवळ गुण मिळाले, हे प्रामाणिकपणे स्वतःला विचारावे. मायनर, म्हणजे दुय्यम, विषयसुद्धा दुसऱ्या विद्याशाखेतून घेण्याची मुभा या रचनेत आहे. मात्र तुमच्या महाविद्यालयात वाणिज्य शाखाच नसेल, तर ही मुभा कागदावरच राहते. लहान गावांतल्या केवळ कला शाखा असलेल्या महाविद्यालयांत नेमके हेच होते.

दुसरी वाट म्हणजे दोन पदव्या बरोबर करणे. एप्रिल २०२२ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, दोन पदवी अभ्यासक्रम एकाच वेळी करण्यास परवानगी दिली. त्यामुळे नियमित बी.ए. चालू ठेवून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूमधून बी.कॉम. करता येते. मुक्त विद्यापीठाचे अभ्याससाहित्य मराठीत मिळते आणि संपर्क वर्ग बहुधा रविवारी असतात. दोन्हीकडच्या परीक्षांच्या तारखा एकमेकींवर आदळण्याची शक्यता असते, आणि घरी काम करून शिकणाऱ्याला हा भार झेपेलच असे नाही. तरीही ज्याचे बी.ए.चे दुसरे वर्ष संपत आले आहे, त्याला मी पहिल्या वर्षापासून पुन्हा सुरुवात करण्यापेक्षा हाच मार्ग सुचवतो.

एवढे सगळे पाहूनही बदलायचेच ठरले, तर पुढचा प्रश्न बी.कॉम. की बीबीए हा असतो, आणि या दोन्हींचे प्रवेशमार्ग अगदी वेगळे आहेत. बीबीए, बीएमएस, बीबीएम हे व्यवस्थापनाचे आणि बीसीए हा संगणकाचा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) कक्षेत आले आणि त्यांच्यासाठी राज्याच्या सीईटी कक्षाने त्याच वर्षी पहिल्यांदा प्रवेश परीक्षा घेतली. अनेकांना तिचा पत्ताच न लागल्यामुळे ती त्याच वर्षी पुन्हा एकदा घ्यावी लागली. यातून एक गंमत अशी झाली, की मुंबईतल्या बऱ्याच महाविद्यालयांनी आपल्या बीएमएसचे नाव बदलून ‘बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)’ असे काहीतरी केले, कारण नाव बदलले की सीईटीही नाही आणि एआयसीटीईची मान्यताही नाही. त्यामुळे माहितीपत्रकातले नाव नीट वाचावे. ‘बीबीए’ किंवा ‘बीएमएस’ असे नाव असेल तर प्रवेश सीईटी आणि कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्यांमधून होतो. ‘बी.कॉम.’च्या पुढे कंसात काहीही असले, तरी प्रवेश विद्यापीठाच्या व महाविद्यालयाच्या गुणवत्ता यादीतून होतो. शिकवला जाणारा मजकूर दोन्हीकडे बराचसा सारखा असू शकतो.

बीबीएच्या सीईटीला कला शाखेच्या विद्यार्थ्याने भिण्याचे कारण नाही. शंभर प्रश्न, नव्वद मिनिटे, चुकीच्या उत्तराला गुण वजा नाहीत. त्यात इंग्रजीचे ४०, तर्कक्षमतेचे ३०, सामान्य ज्ञानाचे १५ आणि संगणकाच्या प्राथमिक माहितीचे १५ प्रश्न असतात. हिशेबाचा एकही प्रश्न नाही. इंग्रजी साहित्य किंवा राज्यशास्त्र वाचणाऱ्याला यातला निम्मा पेपर घरचाच वाटेल. अडचण पेपराची नसून तारखेची आहे. अर्ज भरण्याची मुदत एफवायच्या दुसऱ्या सत्राची परीक्षा व्हायच्या आधीच संपून जाते, आणि ‘आधी निकाल लागू दे, मग बघू’ म्हणणारा विद्यार्थी त्या वर्षापुरता बाद होतो. त्यामुळे बदलण्याचा नुसता विचार असला, तरी जानेवारीपासून सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवून अर्ज भरून ठेवावा. अर्जाची फी वाया गेली, तरी वर्ष वाया जाणार नाही.

बी.कॉम.साठी पात्रतेची अट विद्यापीठागणिक वेगळी असते. काही ठिकाणी बारावी वाणिज्य किंवा ठरावीक विषय लागतात, काही ठिकाणी कोणतीही शाखा चालते. ही अट ऐकीव माहितीवर कधीही सोडू नये. विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या प्रवेश परिपत्रकात ती छापलेली असते आणि महाविद्यालयाच्या कार्यालयात ते परिपत्रक मागितले तर दाखवतात. एकाच संस्थेची दोन महाविद्यालये असली म्हणून काम आपोआप होत नाही, हेही लक्षात ठेवावे. पुण्यात फर्ग्युसन आणि बीएमसीसी ही दोन्ही डेक्कन एज्युकेशन सोसायटीची महाविद्यालये, तरी एकातले कला शाखेचे विद्यार्थी दुसऱ्याच्या वाणिज्य शाखेत नव्याने अर्ज करूनच जाऊ शकतात. भाषेचाही विचार करावा. बी.कॉम.चे पेपर अनेक ठिकाणी मराठीतून लिहिता येतात, बीबीएचे सगळे काम इंग्रजीत चालते. फीमधला फरक तर डोळ्यात भरणारा आहे. अनुदानित तुकडीतल्या बी.कॉम.ची फी काही हजारांत भागते, स्वयंअर्थसहाय्यित बीबीएला तिच्या अनेक पट मोजावे लागतात.

आता कागदपत्रे. इथे घाई आणि लपवाछपवी दोन्ही महागात पडतात. पहिला नियम असा, की नवा प्रवेश हातात येईपर्यंत जुना सोडू नये. पहिल्या वर्षाचा निकाल लागला की एसवाय बी.ए.ला रीतसर प्रवेश घ्यावा आणि त्याच वेळी नव्या ठिकाणी अर्ज करावा. नवीन जागा मिळाल्यावर जुन्या महाविद्यालयात ग्रंथालयाचे व इतर विभागांचे ‘नो ड्यूज’ घेऊन टीसी (महाविद्यालय सोडल्याचा दाखला) मागावी. मूळ टीसी लगेच मिळाली नाही, तर नवे महाविद्यालय साधारणपणे हमीपत्र घेऊन काही दिवसांची मुदत देते. विद्यापीठच बदलत असेल, तर स्थलांतर प्रमाणपत्रही लागते आणि त्याला टीसीपेक्षा जास्त दिवस जातात. एसवायला भरलेली फी बुडेल या भीतीने पुष्कळ पालक जुना प्रवेश घेतच नाहीत. प्रत्यक्षात यूजीसी दरवर्षी शुल्क परताव्याच्या तारखा जाहीर करते. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास संपूर्ण शुल्क आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत रद्द केल्यास जास्तीत जास्त १,००० रुपये कापून उरलेले शुल्क परत द्यावे, असे तिने सांगितले होते. प्रवेश रद्द करण्याचा अर्ज तोंडी न करता लेखी द्यावा आणि त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घ्यावा.

दुसरा नियम म्हणजे एफवाय बी.ए. लपवू नये. काही वर्षांपूर्वी एका मुलाने ‘मी वर्षभर घरीच होतो’ असे गॅपचे प्रतिज्ञापत्र करून प्रवेश घेतला. सत्र सुरू झाल्यावर विद्यापीठाच्या नोंदणीत त्याच्या नावावर आधीचाच पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक, चालू असल्याचे निघाले, आणि तो रद्द होऊन नवीन मिळेपर्यंत त्याची परीक्षेच्या अर्जाची मुदत जवळ येऊन ठेपली. दोन महिने तो मुलगा दोन कार्यालयांच्या मध्ये चपला झिजवत होता, आणि वर खोट्या प्रतिज्ञापत्राची टांगती तलवार. खरे सांगितले असते तर प्रतिज्ञापत्राची गरजच नव्हती. एफवायची गुणपत्रिका हाच त्या वर्षाचा पुरावा असतो.

शिवाय ती गुणपत्रिका दाखवण्यात फायदाही आहे. नव्या रचनेत पहिल्या वर्षाला साधारण ४० ते ४४ श्रेयांक (क्रेडिट्स) असतात आणि ते अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधल्या तुमच्या खात्यावर जमा होतात, तिथे ते सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात. मुख्य विषयाचे श्रेयांक बी.कॉम.ला चालणार नाहीत हे उघड आहे. पण भाषा, पर्यावरण किंवा संविधान यांसारखे मूल्यशिक्षणाचे पेपर, भारतीय ज्ञानप्रणाली, एनएसएस किंवा क्रीडा अशा सहअभ्यासक्रमांचे श्रेयांक दोन्ही शाखांत बरेचसे समान असतात. ज्याने बी.ए.ला अर्थशास्त्र घेतले होते, त्याला आणखी थोडे जास्त मिळू शकते. ही समकक्षता आपोआप लागू होत नाही. प्रवेशानंतर पहिल्याच महिन्यात प्राचार्यांच्या नावे अर्ज, गुणपत्रिका आणि जुन्या पेपरांचा अभ्यासक्रम जोडून द्यावा लागतो, आणि अंतिम निर्णय विद्यापीठाचा असतो. दोन-चार पेपर सुटले, तरी पहिल्या वर्षी हिशेबासाठी मोकळा वेळ मिळतो, आणि त्याची गरज किती असते ते पुढे येईलच.

शिष्यवृत्तीचा मुद्दा प्रवेशाआधी पाहावा, नंतर नाही. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीच्या नियमांत एक टप्पा उत्तीर्ण झाल्यावर त्याच टप्प्यावर दुसऱ्या विषयात शिकणाऱ्याला शिष्यवृत्ती मिळत नाही, आणि उदाहरणादाखल तिथे ‘बी.ए.नंतर बी.कॉम.’ असेच लिहिले आहे. मधूनच शाखा बदलणाऱ्याला वेगळी अट लागू होते: ज्या अभ्यासक्रमासाठी शिष्यवृत्ती मंजूर झाली, तो किंवा ती संस्था शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय बदलली, तर ती बंद होऊ शकते. म्हणून महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर जुना अर्ज मंजूर असलेल्या विद्यार्थ्याने समाजकल्याण कार्यालयात आधी लेखी अर्ज करावा. बीबीएच्या बाबतीत शुल्क सवलती कॅपमधून मिळालेल्या प्रवेशालाच लागू होतात; व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली, तर जातीचे किंवा उत्पन्नाचे प्रमाणपत्र असूनही पूर्ण फी भरावी लागते. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा मागच्या वर्षीचे प्रमाणपत्र फाइलमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

प्रवेश नक्की झाल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंत जे तीन-चार आठवडे मिळतात, ते कला शाखेतून आलेल्या विद्यार्थ्यासाठी सगळ्या वर्षातले सर्वांत मोलाचे. निबंध लिहिणे, पत्रव्यवहार, कायद्याचा पेपर, विपणन, मनुष्यबळ व्यवस्थापन यांत तो वर्गातल्या इतरांच्या पुढेच असतो. तो अडखळतो तो पुस्तपालनात, म्हणजे हिशेबाच्या वह्या लिहिण्यात, कारण शेजारी बसलेल्या मुलांनी ते अकरावी-बारावीत दोन वर्षे घोटलेले असते आणि प्राध्यापक रोजकीर्द, म्हणजे व्यवहार घडतील तसे लिहायची वही, येते असे धरूनच पहिल्या तासाला सुरुवात करतात. त्यासाठी महागडा क्लास लावण्याआधी बालभारतीचे अकरावीचे ‘पुस्तपालन व लेखाकर्म’ हे पुस्तक घ्यावे. ते संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येते. रोजकीर्द, खतावणी (खात्यानुसार नोंदी), सहाय्यक पुस्तके, तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकींची यादी) आणि एकल मालकीची अंतिम खाती एवढी प्रकरणे क्रमाने, वहीत आखणी करून सोडवावीत. नुसती वाचून काहीही उपयोग होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

सुरुवात किती साधी आहे ते पाहा. समजा, तुम्ही ५,००० रुपये रोख देऊन दुकानासाठी टेबल घेतले. दुकानात टेबल आले आणि रोकड गेली. ‘येईल ते नावे (डेबिट), जाईल ते जमा (क्रेडिट)’ हा वस्तूंच्या खात्यांचा नियम लावला, की रोजकीर्दीत ‘फर्निचर खाते नावे ५,०००’ आणि त्याखाली थोडे आत सरकवून ‘रोख खाते ५,०००’ असे लिहायचे, आणि खाली स्पष्टीकरण: ‘रोखीने फर्निचर खरेदी केल्याबद्दल’. व्यक्तींसाठी ‘घेणारा नावे, देणारा जमा’, आणि खर्च-उत्पन्नासाठी ‘खर्च व तोटे नावे, उत्पन्न व नफा जमा’ असे आणखी दोन नियम आहेत. नवख्या विद्यार्थ्याची खरी चूक पुढेच होते: तेच टेबल त्याने फर्निचरच्या दुकानदाराच्या बाजूने पाहिले, की तो पुन्हा ‘फर्निचर खाते’ असेच लिहितो. पण दुकानदारासाठी ते टेबल म्हणजे विक्री. हिशेब कोणाच्या वहीत लिहितो आहोत, हे प्रत्येक उदाहरणाआधी विचारण्याची सवय लागली, की अर्धे पुस्तपालन आले म्हणून समजावे.

गणिताशी दहावीनंतर काडीमोड घेतलेल्यांनी टक्केवारी, सरळव्याज व चक्रवाढव्याज, मध्य आणि मध्यक एवढे घासून घ्यावे. पहिल्या वर्षाच्या गणित व सांख्यिकीच्या पेपराची सुरुवात तिथूनच होते.

सरावासाठी पुस्तकातल्या उदाहरणांबरोबर घरचा एक महिन्याचा हिशेब लिहावा: आईकडून आलेले पैसे, किराणा, वीजबिल, शेजाऱ्याला उसने दिलेले शंभर रुपये, सगळे रोजकीर्दीत आणि तिथून खतावणीत न्यावे. महिनाअखेर तेरीज मांडली की नावे आणि जमा या बाजूंची बेरीज पहिल्या प्रयत्नात बहुधा जुळणार नाही. तेव्हा सगळे खोडून पुन्हा सुरुवात करू नये. आधी फरकाला दोनने भागावे आणि येईल ती रक्कम खतावणीत शोधावी. ती सापडली, तर तीच चुकून उलट्या बाजूला लिहिली गेली असण्याचा संभव जास्त. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर कुठेतरी ५४ च्या जागी ४५ असे अंक उलटे उतरले आहेत का, ते पाहावे. दोन्हींपैकी काहीच लागू पडले नाही, तर फरकाच्या नेमक्या रकमेची एखादी नोंद एकाच बाजूला लिहून राहून गेली असेल, आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत ती बहुतेक वेळा उसनवारीची निघते.